तळटीप १२ : महालक्ष्मीची रेस

१२. महालक्ष्मीची रेस : मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरील घोड्यांच्या शर्यती. हे मैदान १८८३ साली सुरू झाले. त्याआधी शर्यती भायखळ्याला होत. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात शर्यती पुण्याला भरतात. बुऱ्हाणपूर भुसावळ-खंडवा लोहमार्गावर असल्याने मूळ मजकुरातील मामांना तेथून थेट गाडीने मुंबई गाठता येई. ‘डर्बी’ म्हणजे येथे इंडियन डर्बी : चार वर्षांच्या घोड्यांची २,४०० मीटरची शर्यत. १९४३ सालची पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. फर्लांग म्हणजे २२० यार्ड, सुमारे २०१ मीटर. ‘विन’ लावणे म्हणजे घोडा पहिलाच येईल यावर पैसे लावणे. ‘प्लेस’मध्ये तो पहिल्या काही क्रमांकांत आला तरी पैसे मिळतात.

‘चांगल्या घोड्यालाच शिक्षा’ हे मामांचे उद्गार हँडिकॅपविषयी आहेत. अशा शर्यतीत सरस ठरलेल्या घोड्यावर जास्त वजन देतात. जॉकीला खोगिरासह तोलतात; वजन कमी भरले तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालतात. शर्यत संपल्यावर त्याला पुन्हा तराजूवर बसावे लागते. डर्बीला हँडिकॅप नसतो. मामांचा राग मनापासूनचा आहे, पण या नियमामुळेच कमी ताकदीच्या घोड्यालाही जिंकण्याची खरी संधी मिळते.