१७ ऑगस्ट १८९२ : वनसंशोधकांचा जागतिक संघ

जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे १८९२ मध्ये आजच्या दिवशी वनसंशोधन संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमधील संशोधकांना प्रयोगांच्या आणि मोजमापाच्या पद्धती सारख्या हव्या होत्या. आज ‘इउफ्रो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघाचे मुख्यालय व्हिएन्नात आहे. संशोधकांनी असे एकत्र येणे गरजेचेच, कारण जंगल एका शास्त्राला उलगडत नाही; हे वाशीच्या खाडीकाठीही कळते. ओहोटीला तिवरांची पेन्सिलीएवढी श्वसनमुळे चिखलातून डोके काढतात. हिवाळ्यात त्याच चिखलात रोहित पक्षी चरतात. झाड, गाळ, भरती, पक्षी आणि कोळ्यांची मासेमारी यांचा अभ्यास एकत्रच व्हायला हवा. याच ठाणे खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा ‘रामसर’ दर्जा मिळाला. तिथली तिवरे जपणे आपल्या हाती आहे.