कोटणीसांच्या नावातलं ‘हुआ’

मराठीत नुसतं ‘जग’ लिहिलं, तर दुनिया की जगणं? ‘ज’चा उच्चारही त्यावरच ठरतो. चिनी शिकणाऱ्याला ‘हुआ’चं अक्षर असंच चकवतं. चढत्या सुरात ते चीन किंवा वैभव. उतरत्या सुरात एक आडनाव, नाहीतर हुआशान पर्वत. जुन्या ग्रंथांत, सपाट सुरात, चक्क फूल.

सोलापूरला जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं मूळ घराणं सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचं. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी हेच अक्षर घेतलं, चढत्या सुरातलं. कोटणीस झाले ‘के दिहुआ’.

ऑगस्ट १९४२मध्ये त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. इथं ‘यिन’ म्हणजे भारत; एरवी त्याच अक्षराचा अर्थ शिक्का. हे बापपण कोटणीसांना चार महिनेही लाभलं नाही. ९ डिसेंबरला ते गेले.