तळटीप : संभाव्यतेचा प्रवाह

‘संभाव्यता वाहते’ हे लेखकाचे शब्द अक्षरशः घ्यावेत. बाभूळगाव तालुक्यातल्या बेंबळा धरणात पाणी किती वाढले, हे आवक आणि जावक यांच्या वजाबाकीवरून कळते. बाष्पीभवन आणि पाझर जावकेतच धरायचे. कण एखाद्या जागेत सापडण्याच्या संभाव्यतेचा हिशोबही असाच चोख असतो. ती इथे नाहीशी होऊन दूर तिकडे उगवत नाही, मधली सीमा ओलांडूनच जाते. श्रोडिंगरने १९२६ मध्येच हा सातत्याचा नियम मांडला, पण त्याच्या लेखी वाहत होता तो विद्युतभार. संभाव्यतेचा अर्थ त्याच वर्षी माक्स बोर्नने दिला.

विद्यार्थी अडतात ते पुढच्या पायरीवर. घनता काळानुसार बदलत नाही, म्हणजे प्रवाहही शून्य, असे ते धरून चालतात. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन चुंबकीय पुंजांक १ असलेल्या स्थिर अवस्थेत असेल, तर घनता जागच्या जागी राहते, तरीही प्रवाह अक्षाभोवती सतत फिरत असतो. अणूचे कक्षीय चुंबकत्व त्यातूनच येते, म्हणून ही केवळ कागदावरची करामत मानू नये. प्रवाहाचे मूळ तरंगफलनाच्या कलेत आहे : कला जागेनुसार जितक्या वेगाने बदलते तितका प्रवाह जोरकस, अर्थात तिथली घनता शून्य नसेल तर. बंद पेटीतल्या स्थिर तरंगात कलेला असा उतारच नसतो, त्यामुळे तिथे काहीच वाहत नाही.

— संपादक