औषधाची वेळ कशासाठी पाळायची?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे '१-१-१' असे लिहिलेले असते. बहुतेक घरांत त्याचा अर्थ न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण असा लावला जातो. सकाळी ९, दुपारी १ व रात्री ९ या वेळा धरल्या, तर दोन मात्रांमधील अंतर अनुक्रमे ४, ८ आणि १२ तासांचे होते. काही औषधांना हे चालते. अमोक्सिसिलिनसारख्या प्रतिजैविकाच्या बाबतीत मात्र 'तीन वेळा' म्हणजे साधारणपणे दर ८ तासांनी.

पोटात घेतलेले औषध रक्तात मिसळते. त्याच वेळी यकृत आणि मूत्रपिंडे ते निकामी करण्याच्या वा शरीराबाहेर टाकण्याच्या कामाला लागलेली असतात. रक्तातील औषध निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळाला त्याचे अर्धायुष्य म्हणतात. अमोक्सिसिलिनचे अर्धायुष्य सुमारे १ तासाचे, तर अॅझिथ्रोमायसिनचे ६० तासांहून अधिक. म्हणूनच पहिले दिवसातून तीनदा आणि दुसरे एकदाच दिले जाते. पेनिसिलिन गटातील औषधांत मात्रा किती मोठी यापेक्षा रक्तातील आवश्यक पातळी किती वेळ टिकली, याला महत्त्व असते. ती घसरली की उरलेल्या जंतूंना वाढण्यास उसंत मिळते.

याचा प्रत्यय पेनिसिलिनच्या पहिल्या प्रयोगांतच आला होता. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास ते टोचण्यात आले. औषध मूत्रावाटे इतक्या झपाट्याने बाहेर पडे, की ते दर काही तासांनी द्यावे लागे. साठा अपुरा असल्याने मूत्रातूनही ते परत मिळवले जाई. रुग्णाला उतार पडू लागला होता. पण साठा संपला, संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये त्याचा मृत्यू झाला.

अपस्माराच्या रुग्णाने गोळ्या चुकवल्यास झटका येण्याचा धोका वाढतो. थायरॉईडच्या गोळीची गोष्ट निराळी. तिचे अर्धायुष्य सुमारे आठवड्याचे, त्यामुळे तेथे तासांचा हिशेब कडक नाही. परंतु चहा व अन्नामुळे तिचे शोषण घटते, म्हणून ती रिकाम्या पोटी घ्यावयाची.

अंतर कमी करणेही तितकेच घातक. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांत किमान ४ तास हवेत आणि प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. त्यापुढे यकृताला इजा होऊ शकते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे सहसा कोणी पाहत नाही.

एखादी मात्रा विसरल्यास आठवताच घ्यावी. मात्र पुढची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. इन्सुलिन, अपस्मार किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत डॉक्टरांनाच विचारावे. चिठ्ठी हाती पडताच '१-१-१' म्हणजे नेमके किती वाजता, हेही त्यांच्याकडून लिहून घेतलेले बरे.