आपल्या जेवणासोबत कोणती वाईन? ग्वाल्हेरच्या घरांसाठी थोडी माहिती

बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना जयविलास पॅलेस दाखवतो. झुंबरांच्या खालोखाल सगळ्यांना आवडते ती जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी. माधवराव महाराजांच्या वेळची ही गाडी टेबलावर मांडलेल्या रुळांवरून फिरे. डब्यांवर काचेच्या सुरया, त्यांत ब्रँडी, पोर्ट वगैरे. सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे. म्हणजे ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना वाईन अगदीच अनोळखी होती असे नाही. फक्त ती राजवाड्यात होती, आपल्या घरांत नव्हती.

आता ती घरात येते. पुण्याचा मुलगा नाशिकची बाटली आणतो, जर्मनीतली मुलगी तिकडची. ‘कशाला आणलंस एवढं’ म्हणत आपण ती घेतो आणि शोकेसमध्ये ट्रॉफ्यांच्या शेजारी उभी करून ठेवतो. आमच्यापैकी एकाच्या घरी फ्रेंच रेड वाईनची बाटली अशीच नऊ वर्षे उभी होती. जुनी तितकी चांगली, या समजुतीने ती मुलीच्या साखरपुड्याच्या रात्री व्याह्यांसमोर उघडली. आत निव्वळ सिरका. बाटली देणारे मेहुणे समोरच बसले होते. हे टिपण लिहायचे तिथेच ठरले.

तेव्हा पहिली गोष्ट हीच. वर्षानुवर्षे मुरून सुधारणाऱ्या वाईन जगात फार थोड्या. बाकी सगळ्या दोन-तीन वर्षांत पिण्यासाठी केलेल्या असतात, पांढऱ्या तर त्याहून लवकर. शिवाय आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि माळ्यावर किंवा गच्चीखालच्या खोलीत ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यातच बिघडते. लष्करातल्या जुन्या वाड्यांना तळघरे आहेत, ती यासाठी उत्तम. तळघर नसेल तर सरळ फ्रिज. बूच लाकडाचे असेल तर बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते आणि हवा आत शिरत नाही. फिरकीचे झाकण असेल तर कशीही ठेवा. फिरकीचे झाकण म्हणजे हलका माल, हाही गैरसमज; न्यूझीलंडची बहुतेक चांगली वाईन त्याच झाकणाने येते.

मराठी जेवण आणि वाईन

परदेशातून भेट म्हणून येते ती बहुधा भारी रेड वाईन, आणि आपल्या पानाशी तिचेच सर्वांत कमी जमते. रेड वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेला तुरटपणा असतो. तिखटाबरोबर तो तुरटपणा आणि त्यातला मद्यार्क दोन्ही जास्त झोंबतात. आपल्या पानात तिखट, चिंचगुळाचे आंबटगोड आणि तळण सगळे एकदम असते. त्याला हवी थंड, हलकी, किंचित गोडसर वाईन.

म्हणून आमची पहिली शिफारस शेनिन ब्लाँ. मूळ फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातले हे द्राक्ष दक्षिण आफ्रिकेत खूप लावतात, आणि नाशिकलाही ते छान रुजले आहे. साबुदाण्याचा वडा, थालीपीठ, आंबटगोड आमटी, कशाशीही हिचे भांडण नाही. दुसरी जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची रीसलिंग. लेबलवर ‘काबिनेट’ लिहिलेली पाहावी. ती बहुधा थोडी गोडसर असते आणि मद्यार्क ८-९ टक्क्यांच्या आसपास. मिसळीसमोर टिकून राहणारी आम्हाला तरी हीच सापडली. मात्र त्याच लेबलवर ‘ट्रॉकन’ असेल तर ती गोड नाही, हे लक्षात ठेवावे. गोड्या मसाल्याच्या भाज्यांसोबत अल्सासची गेवुर्त्सट्रामिनर. नाव उच्चारता आले नाही तरी चालेल, तिचा गुलाब आणि लिचीचा वास एकदा आला की विसरत नाही. कोथिंबीरवडी, अळूवडी आणि हिरव्या चटणीसाठी न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यो ब्लाँ. तिच्यात कच्च्या हिरव्या पाल्याचा वास असतोच.

बटाटेवडे, भजी, चिवडा असेल तर फेसाळती वाईन घ्या. त्यासाठी शॅम्पेनचा खर्च करायलाच हवा असे नाही. इटलीची प्रोसेक्को, स्पेनची काव्हा किंवा दिंडोरीला होणारी शाँदाँ पुरेशी आहे. बुडबुडे आणि आंबटपणा तळणाचे तेल जिभेवरून धुऊन नेतात. ‘ब्रूट’ म्हणजे जवळजवळ बिनसाखरेची. ज्यांनी आयुष्यात कधी घेतली नाही आणि एक घोट चाखून पाहायची आहे, त्यांना इटलीची मॉस्कातो द’आस्ती द्यावी. गोड, जराशी फेसाळ, मद्यार्क साधारण ५ टक्के.

रेड वाईनची जागा मटणाच्या पानावर. तिथेही तांबडा रस्सा नको, सुके मटण बरे. अर्जेंटिनाच्या मेंडोझाची माल्बेक, नाशिकची शिराझ, किंवा अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेसे. हे इटालियन द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात पिकते याची आम्हाला अजून गंमत वाटते. ‘रूम टेंपरेचरला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड खोल्यांचा आहे. आपल्याकडे रेड वाईनही उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी.

गोडाबरोबर वाईन पदार्थापेक्षा गोड लागते, नाहीतर ती आंबट वाटते. श्रीखंडासोबत सुलाची ‘लेट हार्वेस्ट’ शेनिन ब्लाँ चालते. पुरणपोळीला मात्र तूप आणि कटाची आमटीच राहू द्यावी.

आपल्याच रस्त्यावरचे नाशिक

जुना मुंबई-आग्रा रस्ता नाशिकवरून निघतो आणि इंदूर, शिवपुरी करत ग्वाल्हेरला येतो. त्यामुळे नाशिकची द्राक्षे आम्ही शेजारचीच मानतो. महाराष्ट्रात आधुनिक वाईनची सुरुवात १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेजने केली. तिथली फेसाळती वाईन परदेशातही गेली. राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाईन २००० साली आली. सुला हे नाव त्यांच्या आईच्या, सुलभा या नावावरून. २००१ मध्ये राज्याने वाईनसाठी वेगळे धोरण आणले आणि मग नाशिकभर वायनरी उभ्या राहिल्या. युरोपात द्राक्षतोड ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते, नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये, कारण इथे थंडीतल्या गार रात्रीच द्राक्षाला मानवतात. वायनरी पाहायला जायचे तर याच दिवसांत जावे.

गोव्याच्या पोर्टबद्दलही सांगायला हवे, कारण अनेक घरांत पहिली वाईन तीच असते. ती स्वस्त आणि गोड असते. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. आंबवणे चालू असतानाच तिच्यात द्राक्षाची दारू मिसळतात, म्हणून गोडी राहते आणि मद्यार्क १९-२० टक्क्यांवर जातो. ती छोट्या पेल्यातच घ्यावी. जेवण झाल्यावर अक्रोडांबरोबर फार चांगली लागते.

काही आजींना वाईनच्या नावानेही राग येतो, पण त्यांच्या कपाटात द्राक्षासव असते. धायटीच्या फुलांनी आंबवलेल्या त्या औषधातही साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क तयार झालेला असतो. आम्ही हे वाद घालायला सांगत नाही. उलट, वाईन ‘हृदयाला चांगली’ म्हणून कोणी आग्रह करत असेल तर ऐकू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही. वाईन आवडली तर प्यावी, औषध म्हणून नाही. मधुमेहाची किंवा झोपेची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणात अजिबात नको. घरात कोणी ‘नको’ म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारू नये.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले होतात. मध्य प्रदेशात वयाची अट २१ वर्षे, दिल्लीत २५. परदेशातून येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत सीमाशुल्क नाही. म्हणजे दोन बाटल्या चालतात, तिसरीला भरावे लागते. नाशिकहून गाडीने येताना गुजरातमार्गे येऊ नये, तिथे दारूबंदी आहे. इतर राज्यांच्या हद्दीतही बाटली नेण्याचे नियम वेगवेगळे आहेत, ते आधी पाहावेत आणि बिल जवळ ठेवावे. गाडी चालवणाऱ्याला त्या रात्री कोकम सरबत.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, पोर्ट महिनाभर. त्यापलीकडे उरलेली रेड वाईन मटण मुरवायला वापरावी. चव छान उतरते.