मुंबईचा स्वरसंगम आणि त्याचे लेखनिक

सकाळीं रेडिओ लावला म्हणजे बातम्यांच्या आधीं जी लहानशी धून ऐकूं येई, ती आमच्या दोनतीन पिढ्यांच्या कानांत बसलेली आहे. खालीं तंबोऱ्याचा संथ नाद आणि त्यावर व्हायोलिनचे स्वर, एवढेंच तिचें अंग. ती ऐकतां ऐकतां घरोघरीं चहाचें आधण ठेवलें जाई. पण ती रचिली कोणीं, हा प्रश्न आमच्यापैकीं फार थोड्यांनीं विचारला असेल. वाल्टर कौफमान या यहुदी संगीतकाराची ती रचना समजली जाते. कार्लस्बाड येथें १९०७ सालीं जन्मलेला हा गृहस्थ, युरोपांत यहुद्यांवर अनर्थ ओढवूं लागला तेव्हां, १९३४ सालीं मुंबईस आला. येथें त्यानें चेंबर म्यूझिकची एक मंडळी स्थापिली. चेंबर म्यूझिक म्हणजे तीनचार वादकांनीं, कंडक्टरावांचून, दिवाणखान्यांत बसून वाजवावयाचें संगीत. या मंडळींतील पारशी व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० सालीं चार तंतुवाद्यांचें बाँबे स्ट्रिंग क्वार्टेट उभें केलें. कौफमान पुढें ऑल इंडिया रेडिओंत युरोपीय संगीताचा प्रमुख झाला, आणि १९४६ सालीं हा देश सोडून गेला.

हा एक प्रवाह झाला. दुसरा प्रवाह त्याच सुमारास अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलांत येऊन पोहोंचला. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी या निग्रो व्हायोलिनवादकाचा जॅझ-बँड तेथें आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे नामांकित वादक आले. वेदरफोर्डला तर हिंदुस्थान इतका मानवला कीं, १९४५ सालीं त्यानें देह ठेविला तो कलकत्त्यासच. या मंडळींच्या शेजारीं बसून आमच्याकडील कांहीं तरुण ही नवी विद्या शिकत होते. कागदावर लिहिलेलें वाजवावें, आणि ठरलेल्या जागीं कागद बाजूस सारून स्वतःच्या कल्पनेनें बढत करावी, अशी ती विद्या. ख्यालगायनाचा कान असलेल्या मनुष्यास हें सर्वस्वी परकें वाटूं नये. भेद एवढाच कीं, आमचा गवई एका षड्जावर स्थिर राहून रागाची वाट चालतो, आणि जॅझवाल्याच्या पायांखालील स्वरसमूह पावलापावलाला बदलत असतो.

तिसरा प्रवाह आमचा घरचाच होता. तबला, ढोलक, सारंगी, सतार, बांसरी आणि पेटी यांवर नाटकांचें संगीत पोसलें होतें, आणि १९३१ सालीं बोलपट बोलूं लागला तेव्हां तेंच संगीत त्यानें उचललें. पण थोड्याच वर्षांत बोलपटाची भूक वाढली. प्रसंगास वादळ हवें, नाचघर हवें, विरहाचा लांबलेला सूर हवा. चार साजिंद्यांनीं तें सारें भागेना. तेव्हां व्हायोलिनांची रांग, ट्रंपेट, क्लॅरिओनेट आणि पियानो यांस बोलावणें गेलें. आतां तीसचाळीस माणसांनीं एकाच क्षणीं निरनिराळे स्वर वाजवावे, आणि त्यांतून एकच गाणें निघावें, हें साधावें कसें? तें स्मरणशक्तीनें साधण्यासारखें नव्हतें. त्यास लिहिणारा मनुष्य पाहिजे होता, आणि आमच्या मतें या साऱ्या इतिहासाची किल्ली तेथें आहे.

लिहिणारा मनुष्य गोव्याहून आला. पोर्तुगीज अमलाखालीं तेथील चर्चांना जोडून ज्या शाळा चालत, त्यांत मुलाला प्रार्थनागीतांसाठीं पांच रेघांवरचें स्वरलेखन वाचावयास शिकवीत, आणि जोडीला बहुधा व्हायोलिनही हातीं देत. शेतभाताच्या तुटपुंज्या उत्पन्नावर घर चालेना, म्हणून अशा घरांतील मुलगे मुंबईस येत, धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गांवच्या ‘कुडां’त ट्रंक टाकीत आणि काम शोधीत. मूकपटाच्या थिएटरांत, हॉटेलांच्या नाचघरांत, कौफमान-मेहतांच्या परंपरेंतील मैफलींत, जेथें कागद वाचून वाजविणारा लागे तेथें गोवेंकर हजर असे. एकच वादक संध्याकाळीं मोझार्ट वाजवी आणि रात्रीं जॅझ. पुढें मुंबई इलाख्यांत १९४९ च्या कायद्यानें पूर्ण दारूबंदी आली, नाचघरें ओस पडूं लागलीं, आणि पुष्कळांचीं पावलें कायमचीं बोलपटांच्या स्टुडिओकडे वळलीं.

येथें वाचक विचारील कीं, स्वरलेखन आमच्याकडे नव्हतें काय? होतें, आणि त्याच्या श्रेयांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि पंडित भातखंडे यांनीं घराण्यांच्या कुलुपांतून शेंकडो चिजा सोडवून छापल्या. पण त्यांच्या लेखनाचा हेतु निराळा होता. चीज विसरली जाऊं नये, गुरूवांचूनही तिचा सांगाडा हातीं लागावा, यासाठीं तें लेखन होतें. तें एका गळ्याच्या आठवणीसाठीं होतें. गोवेंकराचें लेखन चाळीस हातांच्या एकाच वेळच्या कामासाठीं होतें. एक ओळ वेळेच्या दिशेनें आडवी वाचावयाची, आणि तिच्याखालच्या ओळींशीं ती उभीही वाचावयाची, ही संवय आमच्या लेखनास लागलीच नव्हती.

या दोन शाळांची गांठ पडली ती संगीत-दिग्दर्शकाच्या बसण्याच्या खोलींत. संगीत-दिग्दर्शक पेटीवर चाल गाऊन दाखवी. समोर बसलेला अरेंजर ती ऐकून कागदावर उतरी, आणि मग व्हायोलिनांची ओळ, ट्रंपेटाची ओळ, सेलोची ओळ वेगवेगळी लिहून काढी. गाण्याचे शब्द चालत तेव्हां तबला-ढोलक गाणाऱ्याला धरून असत. दोन कडव्यांच्या मधल्या जागेंत विलायती वाद्यांचा मेळ उसळे, आणि त्यांतूनच एखादी सतार किंवा बांसरी गाणें पुन्हां हातीं घेई. खरी अडचण अशी कीं, विलायती स्वरसमूह रागावर जसेच्या तसे बसविले तर रागाची मुद्रा पुसली जाते. म्हणून चतुर लेखनिक दाट स्वरसमूह टाळी, आणि गाणाऱ्याच्या चालीला दुसऱ्या एका चालीची हलकी सोबत देई. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत सेबॅस्टियन डिसोझा यांनीं हें काम वर्षानुवर्षें केलें; त्याच मंडळींत ठेक्याची बाजू दत्ताराम वाडकर संभाळीत. एकाच्या हातीं लेखणी आणि दुसऱ्याच्या हातीं ढोलक, असा तो संसार होता.

आमच्या वाचकांस अधिक जवळचें उदाहरण रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचें होय. पुणतांब्यास १९१८ सालीं जन्मलेले हे गृहस्थ विनायकबुवा पटवर्धनांकडे, म्हणजे पलुसकरांच्याच परंपरेंत, शिकलेले. त्यांच्या जोडीला आला हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ; जॅझच्या दुनियेंत त्याचें नांव चिक चॉकलेट. लुई आर्मस्ट्राँगचा हा भक्त ट्रंपेट वाजवी तो त्याच ढंगानें. ‘अलबेला’ या १९५१ च्या बोलपटांत तो आपल्या बँडासह पडद्यावरही दिसतो. पलुसकरी तालीम आणि आर्मस्ट्राँगी ट्रंपेट यांचा विवाह येथें झाला, आणि त्या गाण्यांवर आमच्या सोवळ्या घरांतील पोरांनींही ताल धरला.

हा संगम खरा, कीं निव्वळ शेजार, असा आक्षेप त्या काळींही होता. परक्या स्वरांची धास्ती इतकी होती कीं, १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीलाच बंदी केली, कारण तिच्या ठरीव पट्ट्यांत आमच्या श्रुती बसत नाहींत. आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्हीं म्हणत नाहीं. पुष्कळ गाण्यांत सतार केवळ देखाव्याला येते आणि सॅक्सोफोन केवळ दारूच्या प्रसंगाला. परंतु संगम शुद्धतेवर तोलावयाचा नसतो. दोन्हीं बाजूंना एकमेकांकडून कांहीं शिकावें लागलें कीं नाहीं, हें पाहावयाचें असतें. १९४६ सालीं मसुरीस गांधीजींचें भाषण कानीं पडल्यावर फ्रँक फर्नांड हा ट्रंपेटवादक जॅझ हिंदी रीतीनें कसा वाजवावा या विचारानें पछाडला. असा प्रश्न ज्याच्या मनांत उठला, त्यास केवळ नकलाकार म्हणवत नाहीं.

त्या प्रश्नाचें सर्वांत धीट उत्तर माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनीं दिलें. नौशाद यांच्या मंडळींत व्हायोलिन वाजवीत त्यांची सुरुवात झाली. पुढें प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांसारखे शिष्य त्यांस लाभले. बोलपटाच्या तीन मिनिटांत जें कोंबावें लागे, तें मोकळ्या मंचावर मांडावें, या इच्छेनें १९५८ सालीं त्यांनीं इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. सेंट झेवियर्स कॉलेजाच्या चौकांत शंभरांवर वादक बसले. रागांवर रचिलेल्या कृती वाजल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पण त्यामागें उभें राहील असें द्रव्य व रसिकमंडळ या शहरांत नव्हतें. १९६५ सालीं गोन्साल्विस अमेरिकेंत सिराक्यूज विद्यापीठाकडे गेले, आणि परतल्यावर माजोर्ड्यास निवांत राहिले. २०१२ सालीं ते तेथेंच वारले. त्यांचें नांव मात्र १९७७ पासून साऱ्या देशाच्या ओठीं होतें, कारण प्यारेलालांनीं गुरूचें स्मरण म्हणून तें ‘अमर अकबर अँथनी’च्या एका गाण्यांत घातलें. देशानें तें विनोदी पात्राचें नांव समजून गाइलें.

आम्हीं हा लेख लिहावयास घेतला तो याच एका गोष्टीची टोंचणी लागून. गाणें कोणत्या रागांतलें, गाइलें कोणीं, चाल कोणाची, हें आमच्या घरांतील लहान मुलेंही सांगत. परंतु कागद कोणीं लिहिला, हें वडील माणसांसही ठाऊक नसे. पडद्यावर त्या मनुष्याचें नांव आलेंच तर ‘साहाय्यक’ एवढ्या एका शब्दाच्या आडोशाला. लग्नाच्या मिरवणुकींत ट्रंपेट ऐकला म्हणून प्रत्येक ट्रंपेटवाल्याला आम्हीं बँडवाला ठरविलें, आणि आपल्या कानांचें अर्धें शिक्षण त्याच्याकडून झालें आहे, हें ध्यानांत घेतलें नाहीं. पुढें यंत्रांनीं एकेक वाद्य वेगळें ध्वनिमुद्रित करण्याची सोय केली, कळफलकांतून व्हायोलिनांची रांग निघूं लागली, आणि तीं चाळीस माणसें एका खोलींत बसण्याचे दिवस सरले. राहिलीं तीं गाणीं. पुढल्या वेळीं त्यांतलें एखादें लागेल तेव्हां गाणारा थांबतो त्या जागेकडे वाचकांनीं कान द्यावा. ती जागा रिकामी नाहीं. ती कोणीतरी रात्रीं दिव्याशीं बसून, ओळ ओळ करून, लिहिलेली आहे.