पहाटे तीनला अकरा ओळी गेल्या

११ मार्च २०१६, शुक्रवार

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये राहणाऱ्या आझेर कोचुलू या प्रोग्रॅमरला एक मेल आली. पाठवणारा होता किक या कॅनडातल्या मेसेंजर कंपनीचा पेटंट-प्रतिनिधी. कोचुलूने ‘किक’ याच नावाचं एक छोटं साधन लिहून एनपीएमवर ठेवलं होतं आणि कंपनीला ते नाव हवं होतं. पहिली मेल गोड होती. नकार गेल्यावर वकील दारात उभे राहतील अशी भाषा सुरू झाली. कोचुलूने शिवी हासडली, आणि एवढंच हवं असेल तर ३०,००० डॉलर मोजा, असंही सुनावलं. गावाकडे बांधावरून होतात तसलंच हे भांडण, फक्त बांध चार अक्षरांचासुद्धा नव्हता.

एनपीएम हा जावास्क्रिप्टवाल्यांचा सार्वजनिक बाजार. कुणीही आपला माल मांडावा, कुणीही तो फुकट न्यावा. मांडणाऱ्याला वाटेल तेव्हा माल परत उचलताही येत होता, पण त्या गोष्टीचा विचार फारसा कुणी करत नव्हतं. जावावाल्यांच्या मेवन सेंट्रलवर एकदा ठेवलेली वस्तू अशी काढून नेता येत नाही.

१८ मार्च

एनपीएमचे प्रमुख आयझॅक श्ल्यूटर यांनी निवाडा दिला. नाव कंपनीकडे गेलं.

२० मार्च, रविवार

कोचुलूने कळवलं, की मग माझं इथलं सगळंच काढून टाका.

२२ मार्च, मंगळवार, ओकलंडची दुपार

शेवटी त्याने ते स्वतःच काढलं. एकूण २७३ पॅकेजं, कुणाला पूर्वसूचना न देता. माल त्याचाच होता, तेव्हा त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

त्या २७३ मधलं एक होतं लेफ्ट-पॅड. अकरा ओळींचा कोड. काम एवढंच, की अक्षरमाळेच्या डाव्या बाजूला हवी तेवढी भर घालायची. पावतीपुस्तकावर ७ चा आकडा ००७ असा छापायचा असेल तर पुढची दोन शून्यं हा कोड लावून देणार. कॉलेजातल्या पोराने चहा संपेपर्यंत लिहावं असं हे काम. (पुढे २०१७ च्या प्रमाणित आवृत्तीत जावास्क्रिप्टने ही सोय भाषेतच करून टाकली.) पण ‘लाइन-नंबर्स’ नावाच्या पॅकेजने ते घेतलं होतं, त्याला ‘बेबल’ने आपल्या पोटात घेतलं होतं, आणि बेबल तर नव्या धाटणीचं जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात होतं. गंमत म्हणजे बेबलला हे सगळं लागत होतं ते चुका दाखवताना. चुकलेल्या ओळीच्या आजूबाजूचे ओळक्रमांक एका रेषेत दिसावेत, म्हणून.

दुपारी २.३० नंतर लगेच. आपल्याकडे २३ मार्चची पहाट, ३ वाजून गेलेले

एनपीएमच्या सर्व्हरवर दर मिनिटाला शेकडो विनंत्या अपयशी ठरू लागल्या. लेफ्ट-पॅड मागायचं आणि ‘४०४, सापडत नाही’ असं उत्तर घेऊन परतायचं.

ज्यांच्या लॅपटॉपवर आधी उतरवलेल्या प्रती होत्या त्यांना काहीच जाणवलं नाही. मेले ते बिल्ड सर्व्हर. ही यंत्रं दर खेपेला कोऱ्या पाटीने सुरू होतात आणि प्रत्येक डिपेंडन्सी नव्याने मागवतात. शिळं काही राहू नये म्हणून मुद्दाम केलेली ही व्यवस्था.

पहाटे ३.१०

दहा मिनिटांच्या आत दुसऱ्याच एका प्रोग्रॅमरने तसंच्या तसं लेफ्ट-पॅड रिकाम्या झालेल्या नावावर चढवलं. कोड खुला होता आणि सोडलेलं नाव कुणालाही घेता येत होतं. अट एकच, जुना आवृत्ती-क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. म्हणून त्याने १.०.० दिला. पण लाइन-नंबर्स नेमकं ०.०.३ मागत होतं. दुकान उघडलं, पाटी तीच, आणि गिऱ्हाईक मात्र जुन्याच मालासाठी अडून बसलेलं.

पहाटे ३.१५, पुणे

आता थोडं आमच्याबद्दल. कचेरीचं नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. आमचं रात्रीचं बिल्ड ३.१५ ला लागायचं. ग्राहकाकडे बदल चढवायची खिडकी पहाटे ४ ते ५. ती हुकली की थेट पुढच्या आठवड्यात.

३.२२ ला फोन वाजला.

“सर, बिल्ड लाल झालंय.”

“काय बदललंस?”

“काहीच नाही सर. शेवटचं कमिट काल संध्याकाळचं आहे.”

“पुन्हा लाव.”

पुन्हा लाल. लेफ्ट-पॅड ०.०.३ ला जुळणारी आवृत्ती नाही, म्हणे. लेफ्ट-पॅड हे नाव मी त्या क्षणी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आम्ही ते कधी मागितलंच नव्हतं.

पहाटे ३.४०

“सर, माझ्या लॅपटॉपवर चालतंय.”

हे वाक्य या धंद्यात हजारदा ऐकलेलं असतं, त्यामुळे मी ठरलेलं उत्तर दिलं. नोड-मोड्यूल्सचं फोल्डर उडव, कॅश पूस, पुन्हा सगळं मागव. पाच मिनिटांनी तो म्हणाला, “उडवलं, पुसलं, मागवलं. चालतंय.”

इथे आम्ही चुकलो. जगभर जे मिळत नव्हतं ते या पोराच्या लॅपटॉपला कोऱ्या पाटीवरूनही मिळत होतं, आणि आम्ही निष्कर्ष काढला की बिल्ड मशीन बिघडलं आहे. ते बंद करून चालू केलं. मग डिस्क तपासली. चार वाजले.

पहाटे ४.३५

ओकलंडला दुपारचे ४.०५. एनपीएमने जाहीर केलं, की मूळ ०.०.३ आम्ही बॅकअपमधून परत ठेवत आहोत. काढलेली वस्तू मालकाच्या इच्छेविरुद्ध परत मांडायची, असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. आठवड्याभरात नियमही बदलला. प्रसिद्ध होऊन २४ तास उलटलेलं पॅकेज परस्पर काढता येईना.

पहाटे ५.२५

काम झालं. जवळपास अडीच तासांचा गोंधळ. आमचं बिल्ड ५.३० ला आपोआप हिरवं झालं, म्हणजे खिडकी बंद झाल्यावर अर्ध्या तासाने. ग्राहकाला काय लिहायचं हे ठरवण्यात सहा वाजले. त्या मेलमध्ये मी ‘बाह्य कारणांमुळे’ असं लिहिलं. ते निम्मं खरं होतं.

सकाळी १०

मुंबई-पुण्यातले बहुतेक लोक उठले तेव्हा सगळं संपलेलं होतं. चहाच्या टपरीवर अकरा ओळींनी इंटरनेट पाडल्याचे विनोद सुरू होते. मला मात्र लॅपटॉपचं कोडं सुटत नव्हतं.

आमच्याकडे अंतर्गत रेपॉझिटरी होती. आदल्या वर्षी उभारलेली, तीही दूरदृष्टीने वगैरे नाही. कचेरीची इंटरनेट लाइन रखडत चालायची म्हणून. तिचं काम सोपं. पॅकेज मागितलं की आधी स्वतःच्या फडताळात पाहायचं. असेल तर द्यायचं. नसेल तर बाहेरून आणून एक प्रत ठेवून घ्यायची आणि मग द्यायचं. बाहेरच्याने पुढे माल उचलला तरी फडताळातली प्रत जागेवर राहते. पुण्यातल्या वाड्यांना हौद असायचे, तसं.

पण हौद असणं वेगळं आणि घागर तिकडे वळणं वेगळं. ते ठरतं सेटिंगच्या फाइलमधल्या एका ओळीने: रजिस्ट्रीचा पत्ता. ती ओळ असली तर बिल्ड आत पाहतं. नसली तर चूक दाखवत नाही, इशाराही देत नाही. मुकाट्याने सार्वजनिक रजिस्ट्रीकडे जातं, माल आणतं, हिरवं होतं. मेवनमध्येही तेच. सगळ्या विनंत्या आतल्या रेपॉझिटरीकडे वळव, असं तारांकन घालून सांगितलं नाही, तर तोही बाहेरच जातो. उरलेले ३६४ दिवस दोन्ही मांडण्या सारख्याच दिसतात.

उलट बाजूनेही ही ओळ घात करते. २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिरसन या संशोधकाने मोठमोठ्या कंपन्यांच्या खासगी पॅकेजांची नावं हुडकली आणि त्याच नावांची, जास्त आवृत्ती-क्रमांकाची पॅकेजं सार्वजनिक बाजारात ठेवली. अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्टसकट ३५ हून जास्त कंपन्यांच्या यंत्रणांनी ती आत घेतली. आत आणि बाहेर दोन्हीकडे बघ, मोठा आकडा असेल तो घे, असं सांगून ठेवलेलं असलं की असंच व्हायचं. घरचीच नावं बाहेर विचारत फिरायची कशाला?

सकाळी ११.४०

लॅपटॉपला ती ओळ एका स्क्रिप्टने लागायची. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी. बिल्ड मशीन फेब्रुवारीत नव्याने बसवलं गेलं होतं. ते रुजू झालेला माणूस नव्हतं, म्हणून स्क्रिप्ट कुणी चालवली नव्हती.

सर्व्हर-खोलीच्या एसीत कुडकुडत आम्ही फडताळ उघडून पाहिलं. लेफ्ट-पॅड ०.०.३, जानेवारीत कुणाच्या तरी लॅपटॉपने मागवलेलं, शाबूत. रात्रभर तिथेच होतं. रात्रपाळीचा पोरगा घरी न जाता थांबला होता. त्याने रॅककडे बोट दाखवलं. वरच्या कप्प्यात रेपॉझिटरी, खालच्या कप्प्यात बिल्ड मशीन, मध्ये एक स्विच.

“चार फूट असेल, सर,” तो म्हणाला, आणि ती ओळ टाइप करायला बसला.